लिआँचे दोन धागे

फ्रान्सच्या नकाशावर पॅरिसपासून दक्षिणेकडे बोट सरकवीत नेले, की दोन निळ्या रेघा एकमेकींना मिळतात तेथे ते आपोआप थांबते. उत्तरेकडून संथपणे येणारी सोन आणि आल्प्सच्या बर्फातून उतरलेली वेगवती ऱ्होन, या दोन नद्यांच्या संगमावर लिआँ हे शहर वसले आहे. इ. स. पूर्व ४३ मध्ये रोमनांनी येथे लुग्दुनुम नावाची वसाहत स्थापिली, तेव्हापासून येथील वस्ती अखंड नांदत आहे. १९८१ साली वेगवान आगगाडी सुरू झाली, आणि आता पॅरिसहून येथे यावयास सुमारे दोन तास पुरतात. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले त्या आम्हां इंदूरकरांना दोन नद्यांच्या गावाचे अप्रूप वाटू नये हे खरे. परंतु पुलावर उभे राहून ऱ्होनचे भरलेले, हिरवट पाणी पाहताना आपल्या नद्यांच्या सद्यःस्थितीची आठवण होऊन मन थोडे खट्टू झाले, हे मात्र नमूद केले पाहिजे.

या गावाला दोन टेकड्या आहेत. पश्चिमेची फुर्व्हिएर, तिच्या माथ्यावर पांढरेशुभ्र चर्च आहे. उत्तरेची क्रुआ-रूस, तिच्या अंगाखांद्यावर विणकरांची घरे आहेत. एक टेकडी प्रार्थना करते आणि दुसरी काम करते, असे लिआँचे लोक सांगतात. प्रवासी बहुधा पहिलीकडे वळतात. आम्ही दुसरीकडे वळलो, कारण आमच्या या प्रवासाचे सूत्र, अगदी शब्दशः, सूत हेच होते.

मुलगा आणि सून नोकरीनिमित्त लिआँला राहतात. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जाताना मुलीची बारा वर्षांची लेक आम्ही बरोबर घेतली आणि तिने आपली टेनिसची रॅकेट बरोबर घेतली. हे शहर रेशमाचे म्हणून आम्हाला ठाऊक होते. रॅकेटच्या तारांचे म्हणून ते तिला ठाऊक होते. आजी-आजोबांनी रेशीम दाखवावे आणि नातीने तार दाखवावी, अशी वाटणी ठरली.

प्रथम रेशमाविषयी. १५३६ साली राजा पहिला फ्रान्सिस याने लिआँला रेशमी कापड विणण्याची सवलत दिली, आणि पुढची तीन शतके युरोपातील राजवाड्यांचे पडदे व राण्यांचे झगे या गावाने विणले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, १८०४ मध्ये, येथील जोसेफ मारी जॅकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साह्याने नक्षी विणणारा माग सिद्ध केला. आपले विणकर ज्याला ‘जकार्ड’ म्हणतात तो हाच. हा माग इतका उंच, की जुन्या घरांत मावेना. म्हणून क्रुआ-रूसच्या टेकडीवर चार-चार मीटर उंचीची छते आणि तितक्याच उंच खिडक्या असलेली घरे बांधली गेली. ती आजही उभी आहेत. त्यांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे झाकलेले बोळ आहेत; त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. पावसात रेशमाचे तागे भिजू न देता वाहून नेण्यास त्यांचा उपयोग होई.

येथील विणकरांना ‘कानू’ म्हणत. त्यांना मजुरी नगावर मिळे आणि तिचा दर व्यापारी ठरवीत. १८३१ मध्ये किमान दर बांधून मिळावा म्हणून कानू रस्त्यावर उतरले. दर कबूल झाला आणि मोडला गेला, तेव्हा त्यांनी काही दिवस शहरच ताब्यात घेतले. सैन्य आले, बंड शमले. १८३४ मध्ये ते पुन्हा उसळले आणि या वेळी रक्तपात करून मोडले गेले. क्रुआ-रूसच्या चौकात आज जॅकारचा पुतळा आहे. यंत्र शोधणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. यंत्रापाशी बसून पाठीचा कणा वाकविणाऱ्यांचे नाव टेकडीने तेवढे सांभाळले.

कानूंच्या स्मरणार्थ तेथे एक छोटे संग्रहालय आहे. तेथील जुन्या हातमागावर एक बाई विणून दाखवीत होत्या. धोटा इकडून तिकडे धावत होता, फणी ठोकली जात होती, आणि महेश्वरच्या घाटावर ऐकलेला तोच ठेका आमच्या कानी पडत होता. देवी अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसविले, त्यांची लुगडी आपल्या घरोघरच्या पेटीत आहेत. तेव्हा मागापाशी थबकणे आम्हाला नवे नव्हते. नात मात्र त्या उभ्या धाग्यांकडे टक लावून पाहत होती. “आजी, हे सगळे धागे आधीच ताणून ठेवलेत. माझ्या रॅकेटसारखे!” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे यथार्थ होते. आपल्या भाषेत उभ्या धाग्यांना ‘ताणा’ म्हणतात ते उगीच नव्हे. आधी ताणा भरावयाचा, तो घट्ट धरून ठेवावयाचा, आणि मग त्यातून एक वर, एक खाली असा बाणा काढावयाचा. कापड काय आणि रॅकेटची जाळी काय, विणण्याची रीत एकच. फरक इतकाच, की कापड मागावरून उतरले की त्याचा ताण संपतो. रॅकेटच्या जाळीला तो आयुष्यभर वाहावा लागतो.

येथून लिआँचा दुसरा धागा सुरू होतो. हिरवळीवरच्या टेनिसचे पेटंट इंग्लंडात मेजर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये घेतले. त्यापूर्वी कित्येक शतके फ्रान्समध्ये चार भिंतींच्या आत एक खेळ चाले. आरंभी तो तळहाताने खेळत, पुढे तातीची जाळी असलेली रॅकेट आली. तेव्हा रॅकेटला तात बांधण्याची विद्या टेनिसहून जुनी आहे. नवा खेळ निघाल्यावर एका वर्षातच, १८७५ मध्ये, लिआँच्या प्येर बाबोला याने त्यासाठी खास तारा तयार केल्या. जनावरांच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा करणे हा त्याचा मूळ व्यवसाय. व्हायोलिनसाठी पीळ देणारे हात रॅकेटसाठी पीळ देऊ लागले. त्याच्या मुलाने, आल्बेर याने, १९२५ मध्ये काढलेली तार त्या काळच्या फ्रेंच विजेत्यांनी नावारूपास आणली, आणि त्याच नावाची तार आजही विकली जाते. पाच पिढ्या हे घराणे याच धंद्यात आहे.

या धाग्याला आपल्याकडे शब्द आहे, पण तो विसरला जाऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे ‘तात’. कोणी ‘तांत’ही म्हणतात. पिंजारी दारी येऊन कापूस पिंजीत असे, तेव्हा त्याच्या धनुकलीला लावलेली ती तात टण्‌टण्‌ वाजे. सारंगीला असते तीही तातच. इंग्रज लोक तिला ‘कॅटगट’ म्हणतात, म्हणून ती मांजराच्या आतड्याची असावी असा पुष्कळांचा समज असतो, तसे नाही. पूर्वी मेंढीची आतडी वापरीत, आज रॅकेटसाठी गायीगुरांची वापरतात. आपल्या क्लबांतून नायलॉनच्या तारांनाही ‘गट’ आणि त्या बांधण्याला ‘गटिंग’ म्हणतात. आतडे गेले, नाव उरले.

तात कशी करतात हे ऐकण्यासारखे आहे. आतड्याच्या बाहेरच्या पातळ पण चिवट आवरणाच्या लांब पट्ट्या सोडवून काढतात. त्या स्वच्छ धुऊन, ओल्या असतानाच पुष्कळशा एकत्र घेऊन त्यांना पीळ देतात. मग तो पीळ ताणून धरून, खोलीतील उष्णता व ओलावा काटेकोरपणे सांभाळीत वाळवितात, घासून एकसारखा गोल करतात आणि वर संरक्षक लेप चढवितात. एका रॅकेटला साधारणतः तीन जनावरांची आतडी लागतात. आता हे काम लिआँत न होता दूर ब्रिटनी प्रांतात होते. परंतु बाबोलांचे कार्यालय पुष्कळ वर्षे ज्या जेर्लां भागात होते, तेथे आम्ही मुद्दाम गेलो. तेथे एक प्रचंड दालन आहे, सुमारे २१० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. तोनी गार्निए या स्थापत्यकाराने ते १९१४ च्या सुमारास पुरे केले. ते गुरांच्या बाजारासाठी बांधले होते आणि त्याला लागून शहराचा कत्तलखाना होता. १९७४ मध्ये तो बंद झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या दालनात संगीताचे जलसे होतात.

आम्ही गेलो तेव्हा आत काही कार्यक्रम नव्हता. बाहेर भिंतीवर गाणाऱ्यांची चित्रे लावली होती. गाय ज्या घरात गोग्रास घेतल्यावाचून पान वाढीत नाहीत अशा घरात आम्ही वाढलो. त्या दालनासमोर उभे राहताना मनात कालवाकालव झाली हे लपविण्यात अर्थ नाही. पण मग तबल्याची पुडी कशाची असते, मृदंगाला काय मढवितात, पायात काय घालून आपण देवळापर्यंत जातो, हे प्रश्नही तेथेच उभे राहिले. नातीने विचारले, “मग तारेसाठी गाय मारतात का?” आतडे हे कत्तलीचे कारण नव्हे, कत्तलीनंतर उरलेली वस्तू आहे, असे आम्ही तिला सांगितले. ते खरे आहे. त्याने तिचे समाधान झाले की नाही, हे तिने सांगितले नाही. आणि आम्हीही खोदून विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी दोन नद्यांच्या मधल्या भागातील क्रीडासाहित्याच्या एका दुकानी नेले. दुकानाच्या मागील बाजूस खिडकीपाशी एक गृहस्थ तारा बांधीत बसले होते. वय साठीच्या घरात, चष्मा नाकावर उतरलेला, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. ते फ्रेंच बोलत, सूनबाई मराठीत सांगत.

त्यांनी नातीची रॅकेट हातात घेतली. तारांवर तळहात आपटून पाहिला, कानाजवळ नेऊन बोटाने तार छेडली, आणि विचारले, “ही कितीवर बांधली?” नातीने सांगितले, “अठ्ठावन.” गृहस्थ दचकले. कारण फ्रान्समध्ये हा ताण किलोत मोजतात आणि आपल्याकडे पौंडात. हिशेब झाला: अठ्ठावन पौंड म्हणजे सव्वीस किलोंहून थोडे अधिक. तरीही त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांनी तिचा हात मागितला, कोपराच्या बाहेरच्या बाजूस अंगठा ठेवला आणि हलकेच दाबले. ती कळवळली.

ही कथा इंदूरची. निघण्यापूर्वी दोन महिने तेथल्या एका दुकानात तिच्या रॅकेटला नव्या तारा बांधून घेतल्या होत्या. विजेते खेळाडू हीच वापरतात म्हणून दुकानदाराने पॉलिएस्टरची तार दिली होती आणि घट्ट बांधलेली बरी म्हणून अठ्ठावनचा आकडा त्यानेच ठरविला होता. खेळणारी मुलगी किती वर्षांची, आठवड्यातून किती दिवस खेळते, हे कोणी विचारले नव्हते. महिन्याभरात कोपर दुखू लागले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

लिआँच्या त्या गृहस्थांनी प्रथम हेच सारे विचारले. वय, वजन, आठवड्याचे तास, चेंडू सपाट मारतेस की फिरवून? मग कात्री घेऊन जाळीच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने, थोड्या उभ्या थोड्या आडव्या अशा क्रमाने त्यांनी तारा कापल्या. एका बाजूने सरसकट कापीत गेले तर चौकटीवरचा भार एकांगी होऊन ती वाकते, असे त्यांनी सांगितले. तार तुटलेली नव्हती, पण “मेलेली आहे,” असे ते म्हणाले.

आता त्यांचे काम जसे पाहिले तसे सांगतो. यंत्राच्या मेजावर रॅकेट आडवी ठेवून माथा, गळा आणि दोन्ही बगला अशी सहा ठिकाणी ती आतून-बाहेरून जखडतात. एका रॅकेटला सुमारे बारा मीटर तार लागते. त्यांनी तिचे दोन तुकडे केले, एक उभ्या तारांसाठी आणि एक आडव्यांसाठी. या रॅकेटला उभ्या सोळा आणि आडव्या एकोणीस. प्रथम मधल्या दोन उभ्या तारा ओवल्या, एक चिमट्यात धरली, दुसरी यंत्राच्या ओढणीत दिली. ओढणीने ठरलेला ताण घेतला, की चौकटीला अगदी लागून चिमटा बसवावयाचा, ओढणी सोडावयाची आणि पुढची तार घ्यावयाची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका बाजूला दोन-तीनहून अधिक तारा पुढे जाऊ द्यावयाच्या नाहीत.

सोळा उभ्या तारा पुऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी आम्हाला जवळ बोलावले. “या घटकेला रॅकेटवर सर्वांत मोठे संकट असते,” ते म्हणाले. प्रत्येक तारेवर एकवीस किलो धरले तरी सोळा तारांचे तीनशे छत्तीस किलो होतात, आणि ते सारे माथा व गळा एकमेकांकडे खेचीत असतात. चौकट आखूड आणि रुंद होऊ पाहते. मेजावरचे सहा आधार तिला सावरून धरतात. पुढे आडव्या तारा बगलांना आत ओढू लागल्या, की ती हळूहळू मूळ आकारावर येते. अर्धवट बांधलेली रॅकेट यंत्रावरून उतरवू नये, याचे कारण हे.

आडव्या तारांत खरी विणकरी आहे. माथ्याकडून आरंभ करून गळ्याकडे उतरावयाचे. एक वर, एक खाली; पुढच्या ओळीत त्याच्या उलट. एक ओळ ताणण्यापूर्वी तिच्या पुढची ओळ सैल ओवून ठेवावयाची, म्हणजे उभ्या तारा वरखाली होऊन वाट मोकळी राहते. आणि तार ओवून ओढताना ती सरळ न ओढता बोटाने कमान देऊन, जागा बदलीत ओढावयाची. सरळ ओढली तर ती उभ्या तारेच्या एकाच ठिकाणी घासते, तेथे चर पडतो, आणि तात असेल तर पुढे तेथेच तुटते. हे सारे करताना त्यांची बोटे इतकी सहज चालली होती, की नातीला वाटले, सोपे आहे. त्यांनी तिला एक ओळ ओवू दिली. सहाव्या तारेपाशी ती चुकली. त्यांनी न बोलता उलगडून दिली. शेवटी मोठ्या छिद्रांत गाठी मारून टोके कापली. सुमारे पाऊण तास गेला.

यंत्र नव्हते तेव्हा काय करीत, असे आम्ही विचारले. त्यांनी फळीवरून एक लाकडी दांडा आणि एक टोच्या काढून दाखविला. तार दांड्याला गुंडाळून हाताने खेचावयाची, छिद्रात टोच्या ठोकून ती घसरू द्यावयाची नाही, आणि ताण किती ते छेडून, कानाने ओळखावयाचे. आपल्याकडेही जुन्या क्लबांतून मार्कर मंडळी असेच काम करीत. ओल्या हवेत तात फुगे आणि लाकडी चौकट वाकडी होई, म्हणून पावसाळ्यात रॅकेटी चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या लाकडी दाबात आवळून ठेवीत. तो दाब अजूनही काही घरांच्या माळ्यावर सापडेल.

ताण अधिक म्हणजे फटका अधिक जोराचा, ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. चेंडू २५४ सेंटीमीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळावा, असा नियमच आहे. म्हणजे आपटल्यावर चेंडू आपली जवळजवळ निम्मी शक्ती गमावतो. तार मात्र खोलगट होऊन घेतलेली बहुतेक शक्ती परत करते. जाळी सैल असेल तर तार अधिक वाकते, चेंडू कमी चेपतो आणि जोरात जातो. जाळी घट्ट असेल तर चेंडूच अधिक चेपतो, शक्ती त्यात जिरते. फटका आटोक्यात राहतो, पण धक्का मनगटाला आणि कोपराला जातो. चेंडू आणि जाळी यांची भेट एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतकी असते. तेवढ्यात हा सारा व्यवहार होतो. १९७६ ते १९८० अशी ओळीने पाच वर्षे विम्बल्डन जिंकणारा ब्योर्न बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटी ऐंशी पौंडांच्या आसपास बांधवून घेई. रात्री खोलीत ठेवलेल्या रॅकेटींच्या तारा आपोआप तुटून आवाज होत, असे सांगतात. पण तो बोर्गचा हात होता.

पॉलिएस्टरचीही एक कथा आहे. १९७७ मध्ये, लिआँच्या दक्षिणेस एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे, इली नस्तासे एक विचित्र रॅकेट घेऊन उतरला. तिच्या उभ्या तारा आडव्यांत विणलेल्याच नव्हत्या. त्या दोन थरांत मोकळ्या होत्या आणि चेंडू लागताच सरकून परत येत. त्यामुळे चेंडू विलक्षण गरगरत असे. मातीच्या मैदानावर ओळीने ५३ सामने जिंकलेला गिलेर्मो विलास पहिले दोन सेट गमावून, निषेध म्हणून, सामना सोडून गेला. आंतरराष्ट्रीय संघटनेने लागलीच तशा रॅकेटवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेट कशाला म्हणावे याचा नियम प्रथमच लिहिला गेला: तारा एकमेकींत विणलेल्या आणि जाळी एकसारखी असली पाहिजे. पुढे १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन बेल्जियमच्या कंपनीची पॉलिएस्टर तार लावून पॅरिसला अजिंक्य ठरला. ही तार गुळगुळीत आणि ताठ. नियमात राहूनही तिच्या उभ्या तारा आडव्यांवरून सरकून झटक्याने जागेवर येतात आणि चेंडूला फिरकी देतात. तेव्हापासून व्यावसायिक खेळाडूंनी ती उचलली.

परंतु ते रोज नवी बांधतात. कोणतीही तार बांधल्या दिवसापासून सैल होऊ लागते. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे दहावा हिस्सा ताण जातो. नायलॉनची वा तातीची तार झिजून तुटते आणि आपण बदलतो. पॉलिएस्टर तुटत नाही. तिचा लवचीकपणा मात्र लवकर जातो, आणि मुलाच्या हातून ती तुटत नाही म्हणून आईवडील समाधानाने वर्षभर तीच ठेवतात. ज्यांची हाडे अजून वाढत आहेत त्यांच्या कोपराला हे बाधते. “टिकते ती चांगली, हे चपलेला लागू आहे,” असे ते गृहस्थ म्हणाले. हा सल्ला त्या टेकडीवरच्या कोणा विणकरानेही दिला असता असे आम्हास वाटले.

नव्या तारेची निवड करावयाची तेव्हा त्यांनी दोन पुड्या पुढे ठेवल्या. एक खरी तात: हातास सर्वांत मऊ, ताण सर्वांत अधिक काळ धरणारी, आणि किमतीने कित्येक पट. दुसरी शेकडो बारीक नायलॉन तंतूंचा पीळ असलेली. गुणांत तातीच्या खालोखाल, पण बाल-कोपराला पुरेशी. नातीने पहिली पुडी हातात घेऊन पाहिली, वास घेतला, आणि परत ठेवली. “दुसरी चालेल ना, आजोबा?” असे तिने विचारले. तिच्या मनात किंमत होती की जेर्लांचे ते दालन होते, हे आम्ही विचारले नाही. दुसरीच बांधली, एकवीस किलोवर. म्हणजे आपल्या मापाने छेचाळीस पौंड.

इंदूरला परतल्यावर तिचे कोपर सुधारले. त्यात विश्रांतीचा वाटा किती आणि तारेचा किती, हे काट्यावर मोजून सांगता येणार नाही. पण दोहोंचा आहे असे तिचे डॉक्टर म्हणतात. ज्यांच्या घरी मुले खेळतात त्यांच्यासाठी चार गोष्टी येथे लिहून ठेवतो. तार बांधणाऱ्यास आकडा सांगण्यापूर्वी मुलाचे वय सांगावे. वाढत्या वयात मऊ, अनेक तंतूंची तार घ्यावी आणि चौकटीवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या अंगाचा ताण घ्यावा. दोन दुकानांचा एकच आकडा सारखा नसतो, हेही लक्षात असावे: काही यंत्रे ठरल्या ताणाला अडकून थांबतात, मग तार तेथेच सैलावते, विजेची यंत्रे ओढ कायम ठेवतात, म्हणून जाळी अधिक घट्ट येते. तेव्हा जेथे हाताला मानवले तेच दुकान धरावे. आठवड्यात जितके दिवस खेळ, तितक्या वेळा वर्षातून तार बदलावी, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आणि मे महिन्यात रॅकेट उन्हातल्या मोटारीत ठेवू नये. आपल्या माळव्याचे ऊन तारेतला ताण काढून घेते.

दुकानातून निघताना त्या गृहस्थांनी एक लहानशी कागदी पट्टी घेतली, तिच्यावर त्या दिवसाची तारीख, तारेचे नाव आणि ‘२१’ हा आकडा लिहिला, आणि ती रॅकेटच्या गळ्याशी आतल्या बाजूस चिकटविली. पुढच्या वेळी बांधील त्याला कळावे म्हणून, असे त्यांनी सांगितले. आपले नाव त्यांनी लिहिले नाही. पैसे घेऊन त्यांनी चष्मा वर सारला आणि मेजावरची पुढची रॅकेट ओढून घेतली.